दिसण्याची वेळ

गुप्त होण्याच्या गोष्टींची ओढ मला रामायणानं लावली. युद्धकांडातला इंद्रजित आकाशात दडून बाण सोडतो. वानरसेनेला बाण दिसतात, सोडणारा दिसत नाही. आजी ही गोष्ट सांगताना निकुंभिलेच्या होमापाशी हमखास रेंगाळायची. तो होम पुरा झाला तर इंद्रजित कुणालाच आवरणार नाही, हे बिभीषणाला ठाऊक होतं. म्हणून त्यानं लक्ष्मणाला तिथं नेलं, होम अर्धा राहिला आणि इंद्रजिताला उघड्यावर येऊन लढावं लागलं. गुप्त होण्याच्या शक्तीला कुठली तरी अट असतेच, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

१९८७ साली ‘मिस्टर इंडिया’ आला. आम्ही तो आमच्या गावी, बेलापुरात, व्हिडिओवर पाहिला. मनगटावरच्या यंत्रामुळे अनिल कपूर नाहीसा व्हायचा आणि लाल उजेडात पुन्हा दिसायचा. मग काय, आम्ही पोरं लाल जिलेटीनचा कागद डोळ्यांवर धरून प्रवरा नदीच्या काठानं हिंडू लागलो. वाळू, पाणी, धुणं आपटणाऱ्या बायका, पलीकडचा ऊस, सगळं तांबडंलाल. गुप्त माणूस काही सापडला नाही, पण ओळखीची माणसं नीट न्याहाळायची सवय मात्र लागली.

पुण्यात शिकायला गेलो आणि संगणकावर ‘बाल्डर्स गेट २’ हाती आला. कॅनडाच्या बायोवेअरनं २००० साली काढलेला खेळ. त्यातला मांत्रिक मला फार आवडे. बिचाऱ्याला चिलखत घालून मंत्र टाकता येत नाहीत, अंगात बळ बेताचंच, दोन-चार घाव बसले की खलास. त्याची सगळी भिस्त मंत्रांवर आणि हातातल्या वस्तूंवर. ‘रोब ऑफ वेक्ना’ हा झगा चढवला की मंत्र झपाट्यानं सुटतात. पण खरा खजिना म्हणजे ‘स्टाफ ऑफ द मेजाय’ ही काठी. शहरातल्या पुलाच्या वस्तीत एक गुप्त टोळी दडून बसलेली असते. तिच्याशी झुंजून ती मिळवावी लागते. काठी हातात घेतली की मांत्रिक नाहीसा होतो. शत्रूवर मंत्र टाकला की त्याच क्षणी तो दिसू लागतो. मग काठी खाली ठेवायची, पुन्हा उचलायची, की पुन्हा गुप्त.

हा डाव खेळताना एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. गुप्त असेपर्यंत मांत्रिकाला कोणी धक्का लावत नाही, पण तोही कुणाचं काही करू शकत नाही. वार करायचा तर दिसावंच लागतं. त्यात मोठ्या शत्रूंकडे ‘ट्रू साइट’ असते. त्या मंत्रापुढे सगळी लपवालपवी उघडी पडते. म्हणून शहाणा खेळाडू आधी गुपचूप हिंडून कोण कुठं उभं आहे ते बघून घेतो, आणि ज्या एका मंत्रासाठी दिसणं परवडेल तो निवडतो. काठी त्याला पळण्यासाठी नव्हे, तर थांबून नीट ठरवण्यासाठी सवड देते.

त्याच दिवसांत चक्रधरस्वामींच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ वाचलं आणि माझं गाव मला निराळं दिसू लागलं. बेलापूर हे नाव रेल्वेच्या फलाटावर आहे ते श्रीरामपुरात. गाव तिथून दूर, नदीकाठी. पण महानुभाव पंथाच्या परंपरेत स्वामींच्या ‘उत्तरापंथे गमना’शी, म्हणजे उत्तरेकडे निघून जाण्याशी, जोडलेलं बेलापूर ते हेच. स्वामी दृष्टिआड झाल्यावर शिष्य रिद्धपुरास त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्यापाशी जमले. त्यांतल्या म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून, विचारून विचारून आठवणी गोळा केल्या, आणि तेराव्या शतकात मराठीतला आद्य गद्यग्रंथ उभा राहिला. पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. अक्षरं डोळ्यांसमोर असूनही परक्याला वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली आणि शतकानुशतकं झाकलेली ही मराठी सर्वांपुढे आली. त्या आवरणानं ग्रंथ जपले, हे त्याचं मोठं ऋण. पण इतक्या पिढ्यांच्या मराठी वाचकाला ‘लीळाचरित्रा’तली ती साधी, बोलती वाक्यं भेटलीच नाहीत, याची हळहळ मला आजही वाटते.

आता भाचा ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतो. २०२३च्या या खेळात ‘ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी’ हा मंत्र आहे. त्यात वार करूनही गुप्त राहता येतं, मात्र दर खेपेला फाशाचा कौल आपल्या बाजूनं पडावा लागतो, आणि ते दर चालीगणिक अवघड होत जातं. “मामा, शेवटपर्यंत गुप्त राहून जिंकता येईल का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “तसं जिंकलास तर काय केलंस ते तुलाच ठाऊक राहील. त्यापेक्षा कशासाठी दिसायचं ते आधी ठरव, आणि मग बिनधास्त समोर ये.”