घाटातला तांडेल

वरळीच्या कोळीवाड्यातल्या माणसाला डोंगराचे फारसे अगत्य नसते. डोंगर ही आमच्या लेखी समुद्रावरून पाहायची वस्तू. किनाऱ्यावरचे देऊळ नि त्यामागची टेकडी एका रेषेत आली, की होडी कोणत्या खडपाजवळ आहे हे तांडेल ओळखतो. डोंगराचा उपयोग तेवढाच! म्हणून मी नाणेघाट चढायचा बेत सांगितला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "काय भाऊजी, दर्या आटला काय?"

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना वैशाखरे लागते. पायवाट तिथूनच रानात शिरते. वाट दाखवायला घाटमाथ्यावरच्या घाटघरचा एक तरुण आला होता. तो पुढे चालायचा, बोलायचा थोडे, आणि अवघड जागा आली की त्या दगडावर आधी स्वतः पाय देऊन उभा राहायचा. एका कड्यापाशी त्याने ओठांवर बोट ठेवले नि वर पाहिले. कातळाला आग्या मोहोळाची काळी पोळी लटकत होती. तेवढा टप्पा आम्ही मुक्याने ओलांडला. आमच्या होडीवर तांडेलही असाच, जरूर तेवढेच बोलतो.

वर चढावे तसे दोन्ही बाजूंचे कातळ जवळ येऊ लागतात. घळीच्या तोंडाशी सातवाहनांच्या वेळचे लेणे आहे. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखात यज्ञांची नि दक्षिणेची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे. तो राणी नागनिकेचा समजला जातो. त्यातले आकडे देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मूर्ती होत्या. त्यांच्या पायांच्या काय त्या खुणा राहिल्या आहेत, आणि वर सिमुक, सातकर्णी अशी नावे.

"राजे तेवढे लिहिलेत, काका," तो म्हणाला. "बैलं हाकणारे कुठं लिहिलेत?"

मग त्याने माझे गाव विचारले. वरळीचा, कोळी, असे सांगताच तो हसला. "आम्हीपण कोळीच की. महादेव कोळी." तो डोंगरातला, मी पाण्यातला, दोन्ही समाज वेगळे, बोली वेगळी, पोटाचा धंदा वेगळा. हे त्यालाही ठाऊक होते नि मलाही. तरी एका नावाची माणसे कड्यात भेटली ह्याचे दोघांनाही बरे वाटले, आणि बोलणे सैल झाले.

लेण्यापुढे घळ इतकी चिंचोळी होते की आभाळाची नुसती पट्टी उरते. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल ह्याच फटीतून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी आख्यायिका.

"लादलेले दोन बैल समोरासमोर आले तर एकाला थांबायला लागायचं, असं म्हातारे सांगतात," तो म्हणाला. "तुम्हाला पाण्यात किती रुंद वाट लागते?"

ह्या प्रश्नाने मला एकदम घरी नेले. आमच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या जिथून बाहेर पडतात, तिथेच किनारी रस्ता सागरी सेतूला जोडायचा होता. आराखड्यात पुलाच्या खांबांमधले अंतर ६० मीटर धरले होते. कागदावर पाहणाऱ्याला ६० मीटर पुष्कळ वाटतात, होडीची रुंदी ती केवढी! कोळ्यांनी ह्यासाठी काम अडवले, बैठकांवर बैठका झाल्या, आणि २०२२ च्या अखेरीस १२० मीटर ठरले. आमची मागणी ह्याहून अधिक होती. २०२४ मध्ये पूल सुरू झाला.

हे मी त्याला थोडक्यात सांगितले, आणि अधिक रुंदी का लागते ते सांगायला तोंड उघडले. होडी सडकेवरच्या गाडीसारखी सरळ जात नाही, एवढेच म्हणालो असेन.

"पाणी ढकलतं ना," तो म्हणाला. "बैलसुद्धा चढाला तिरपाच चालतो."

मी गप्प झालो. जे पटवायला आमच्या माणसांनी इतके उंबरठे झिजवले, ते ह्या मुलाला अर्ध्या वाक्यात उमगले होते. त्याने समुद्र पाहिला होता की नाही, कोण जाणे. वाटेची रुंदी किती असावी हे त्या वाटेने रोज जाणाऱ्याला आधी विचारावे, एवढी साधी गोष्ट आहे. जकात किती घ्यायची ते मग ठरवावे.

उतरताना तो मधेच वाकला. पायरीचा एक दगड निसटला होता. तो त्याने जागी सरकवून टाचेने ठोकून बसवला. पावसाळ्यात सारे पाणी ह्याच घळीतून धावते नि दगड हलवते, म्हणून येताजाता हे करावे लागते. मी मागून त्या दगडावर पाय दिला. तो हलला नाही.