रस्त्याचा हक्क

भवानी पेठेतली आमची गल्ली अरुंद आहे. समोरून हातगाडी आली तर एकाने भिंतीला टेकून उभं राहायचं. त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला लागतात. सोसायटीचं आवार नाही की वॉचमन नाही. रस्ता हेच आमचं पार्किंग.

याच रस्त्यांवरून वर्षभर काही ना काही जात असतं. आषाढी वारीत माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते आणि तुकोबांची पालखी शेजारच्या नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. मग गणपती, नवरात्र, ईद-ए-मिलादचा जुलूस, एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर जयंती. दोन्ही ईदला गोळीबार मैदानाच्या ईदगाहकडचे रस्ते सकाळी बंद होतात. प्रत्येक वेळी आदेश निघतो : अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत, दोन्ही बाजूंना, तात्पुरते नो पार्किंग.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अब्बा बेकरीचा पाव हॉटेलांना पोहोचवतात. पालखी यायच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास त्यांनी नेहमीच्या जागी स्कूटर लावली. पहाटे फजरची नमाज पढून बाहेर आले तर स्कूटर नाही. त्यांना वाटलं, चोरीला गेली. मला उठवलं. आम्ही दोघं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, तेव्हा दिव्याच्या खांबाला सुतळीने बांधलेला नो पार्किंगचा बोर्ड दिसला. रात्री दहाला तो तिथे नव्हता, हे अब्बा शपथेवर सांगत होते. पण शपथ कुणासमोर घ्यायची?

सहाच्या आत हॉटेलांना पाव जायला हवा होता. अब्बांनी शेजारच्यांची सायकल घेतली आणि पावाचे क्रेट दोन-दोन करून वाहिले. दोन हॉटेलांनी उशीर झाला म्हणून माल परत पाठवला. दुपारी दंड आणि टोइंगचे पैसे भरून मी स्कूटर सोडवून आणली. त्या दिवशीची कमाई तर गेलीच, वर खिशातले पैसे गेले.

मी चिडलो होतो. संध्याकाळी पालखी आली, तेव्हा आमच्या मोहल्ल्याच्या स्टॉलवर अब्बा नेहमीसारखे वारकऱ्यांना केळी वाटत उभे होते. मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?" ते म्हणाले, "पालखी पे गुस्सा कायकू? बोले रहते तो मैं खुद गाडी उठाके लेके जाता."

त्यानंतर मी असे आदेश वाचायला लागलो. त्यांत मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या ११५, ११६ आणि ११७ या कलमांचा उल्लेख असतो. कलम ११५ मध्ये एक बारीक तरतूद आहे. बंदी महिनाभरापेक्षा जास्त काळाची नसेल, तर ती राजपत्रात छापायची गरज नाही. मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायची. म्हणजे तात्पुरत्या बंदीची माहिती लोकांना मिळणं ही मेहरबानी नाही, ते कायद्यातच आहे. आता स्थानिक म्हणजे कुठे? आदेश वर्तमानपत्रात येतो, समाजमाध्यमांवर येतो. पण रात्री दहाला घरी येऊन पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचं 'स्थानिक' म्हणजे त्याची गल्ली, मशीद, कोपऱ्यावरची चहाची टपरी. तिथवर कागद पोहोचत नाही.

इथवर मी फिर्यादी होतो. पण एका ईदची सकाळ सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही.

नमाजला उशीर होत होता. ईदगाहच्या अलीकडे एका बंगल्याच्या फाटकासमोर मी मोटरसायकल लावली. तिथे आधीच पाच-सहा गाड्या होत्या, त्यामुळे मनाला काही टोचलं नाही. नमाज झाली, गळाभेटी झाल्या. परत आलो तर फाटकात एक बाई हातात फाइल घेऊन उभ्या होत्या. मागे गाडीत त्यांचे यजमान बसलेले. डायलिसिसची वेळ टळत चालली होती. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "झाली का नमाज? आता गाडी काढता का?"

मी माफी मागितली. बाकीच्या गाड्यांचे मालक शोधायला धावलो. पण त्या दिवशी शिरखुर्मा घशाखाली उतरला नाही. रस्त्यालाही हक्क असतो, तो द्या, असं पैगंबरांनी सांगितलं आहे. वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानाचाच भाग मानला आहे. आणि मी नमाजला जाताना वाटेत त्रास देणारी वस्तू ठेवून गेलो होतो.

आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याचा हिशोब असतो. 'त्यांचे' दहा दिवस, 'यांचे' शुक्रवार. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला. सरकारनेही २९ तारखेला सुट्टी दिली. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण ते जमलं याचं एक साधं कारण असं, की लोक आधी एकत्र बसले आणि आधी बोलले. गाडीच्या बाबतीत तेवढंही होत नाही.

आदेशात आणखी एक गोष्ट नसते. गाडी कुठे लावू नये हे असतं, कुठे लावावी हे बहुतेकदा नसतं. ज्यांच्या इमारतीखाली पार्किंग आहे, त्यांना या आदेशाने फरक पडत नाही. तो पडतो वाड्यात, चाळीत, वस्तीत राहणाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. पालखीच्या वेळी महापालिकेच्या शाळांत वारकरी उतरतात, तेव्हा ती मैदानं मिळणार नाहीत, हे समजतं. पण बाकीच्या वेळी रात्री ती रिकामीच असतात.

आता आमच्या गल्लीत एक पद्धत पडली आहे. मंडळातली पोरं आदेशाची प्रिंट काढतात आणि एक प्रत मशिदीच्या फलकावर, एक टपरीवर लावतात. ईदच्या आधी आमची पोरं मंडळाच्या फलकावर लिहून येतात. ईदगाहजवळ फाटकांसमोर गाड्या लावू देऊ नयेत म्हणून चार-पाच जण पहिली जमात संपेपर्यंत बाहेर उभे राहतात आणि दुसऱ्या जमातीत नमाज पढतात. गेल्या दोन ईदला त्यांच्यात मी होतो.

यंदा पालखीच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या एका पोराने दार वाजवलं. "चाचा, गाडी हलवा, रात्री बोर्ड लागणार आहे." अब्बांनी स्कूटर बेकरीच्या मागच्या बोळात नेऊन लावली. सकाळी पाव वेळेवर गेला.