गुराब

रायपूरला समुद्र नाही. महादेवघाटावर खारून आहे. तिचं पाणी शिवनाथेत, शिवनाथेचं महानदीत आणि महानदीचं बंगालच्या उपसागरात जातं, एवढंच काय ते नातं. इथल्या मराठी इतिहासाला वासही घोड्यांचा येतो. भोसल्यांची फौज इकडे आली ती जमिनीवरून. दर्यावर्दी मराठ्यांशी आपली ओळख पुस्तकातलीच.

यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'ग्रॅब' नावाचं एक जहाज भेटतं. इंग्रजीत आता ते कुणाला आठवत नाही. मूळ अरबी 'घुराब', म्हणजे कावळा. आपल्या किनाऱ्यावर त्याची गुराब झाली आणि इंग्रज खलाशांच्या तोंडी ग्रॅब. हिसकावून घेणे या अर्थाच्या इंग्रजी 'ग्रॅब' क्रियापदाशी तिचा संबंध नाही. पण मराठी आरमाराच्या आंग्र्यांना चाचे ठरवणाऱ्या इंग्रजांना हा योगायोग आवडला असणार.

गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे निमुळती, उथळ पाण्यातही चालणारी. नाळेवरच्या तोफा सरळ समोर मारा करायच्या. सोबतीला वल्ह्यांची गलबतं असत. वारा पडला की इंग्रजांची थोरली जहाजं जागीच खिळत. गलबतं मात्र गुराबांना ओढत नेत. हे गलबतही इंग्रजीत 'गॅलिव्हॅट' होऊन गेलं. कोशकारांना त्याचं मूळ पोर्तुगीज वाटतं. किनाऱ्यावरची भाषा अशीच, आल्यागेल्याला ठेवून घेणारी.

कान्होजी आंग्र्यांशी गाठ पडल्यावर कंपनीच्या मुंबईच्या आरमारातही गुराबा आणि गलबतं दिसू लागली. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले होते, जमिनीवर पेशव्यांचीच फौज होती. दोन वर्षांनी इकडे छत्तीसगडात बिंबाजी भोसले रतनपूरला आले. एका टोकाला राज्य रुजत होतं. दुसऱ्या टोकाला आपणच आपलं आरमार बुडवून बसलो होतो.

इंग्रजांनी आंग्र्यांना शिव्या दिल्या, पण त्यांच्या जहाजांची घडण उचलली आणि नावंही. जुन्या इंग्रजी बखरी वाचताना म्हणून विशेषणांवर फार अडू नये. नामं वाचावीत, शत्रूनं दिलेली खरी पावती तिथे असते.