बुचाखालचा स्क्रू

मुलांनो, आमच्या माण गावात समुद्र नाही. एका बाजूला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला शेतं. तरीही आज मी तुम्हांला बोटीची गोष्ट सांगणार आहे. ‘बाई, तुम्ही बोट पाहिलीय का?’ असं विचारू नका हं! पाहिली आहे. आणि तिच्यावर एक लबाडीही केली आहे.

मी तेव्हा चौथी पास झाले होते. मे महिन्यात मुंबईला मामाकडे गेले. मामा सुतार. एका जुन्या बोटीचा सागवानी डेक तो दुरुस्त करत होता. डेक म्हणजे बोटीची वरची जमीन. फळ्या स्क्रूने बसवलेल्या, पण वरून एकही स्क्रू दिसेना.

मामा म्हणाला, “अगं, स्क्रू लाकडात खोल बुडवायचा आणि वरचं भोक सागाच्याच गोल बुचानं बंद करायचं. मग पाणी आत शिरत नाही, आणि उन्हात तापलेला स्क्रू पायालाही भाजत नाही.”

वर्षानुवर्षं चालून, घासून फळ्या झिजतात. वरचं बूच पातळ होतं आणि उडून जातं. मग मामा स्क्रू काढी, भोक आणखी खोल करी, स्क्रू पुन्हा घट्ट पिळी आणि नवं बूच सरस लावून ठोकी. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळल्याच पाहिजेत! लाकूड पाण्यानं फुगतं ते रेषांना आडवं. बूच उलटं बसलं, तर ते एकीकडे ताणतं आणि फळी दुसरीकडे. सरस वाळला, की वर आलेला भाग पटाशीनं थोडाथोडा तासायचा. एका घावात उडवायला गेलं, तर बूच आतपर्यंत चिरतं.

स्क्रू पिळायचं काम माझ्याकडे होतं. एक स्क्रू नुसताच गोल गोल फिरू लागला. पकडच घेईना! मामा चहाला गेला होता. मी गुपचूप वर बूच ठोकून दिलं. काय छान दिसत होतं!

पण रात्री झोप येईना. सकाळी मामाला सगळं सांगून टाकलं.

तो रागावला नाही. बूच फोडून त्यानं स्क्रू काढला. ढिल्या भोकात सरस लावून सागाची काडी ठोकली. ती वाळल्यावर दुसऱ्या दिवशी नवं बारीक भोक पाडलं. आता स्क्रू घट्ट बसला. “बरं झालं इथंच बोललीस. नाहीतर समुद्रात कळलं असतं,” एवढंच तो म्हणाला.

पुढे मी वाचलं, की मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. १८१७ साली ती पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे! साग टिकाऊ खराच, पण तिचीही मोठी दुरुस्ती करावीच लागली.

आता मी वर्गात विचारते, “समजलं?” सगळे ओरडतात, “होऽऽ, बाई!” वह्याही सुंदर असतात. पण एखाद्याचा स्क्रू आत नुसताच फिरत असतो. पालकहो, सुबक वही पाहिलीत, तरी एखादं गणित तोंडीही विचारून बघा.

आणि मुलांनो, हात वर करून “बाई, मला नाही समजलं,” म्हणायला लाजू नका. बूच फोडायला मी आहे ना!