ओबीच्या डोंगरावर : पोहरादेवी ते चंद्रपूर

सोमवार, पोहरादेवी

संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन नंगारा संग्रहालयात गेले. 5 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलूख पालथा घालणारे बंजारा तांडे पाणी-चारा पाहून वाट धरायचे, हे तिथं मनावर ठसतं.

वाघही पाणी आणि भक्ष्य पाहूनच चालतो. टिपेश्वर अभयारण्यातला टी1सी1 हा तरुण नर 2019 च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. पोहरादेवीच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या खोऱ्यातून हिंगोलीमार्गे तो थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढेही हिंडत राहिला आणि एकूण सुमारे 3000 किलोमीटर चालला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून शेतं, नाले, रस्ते अशी त्याची वाट कळली. कॉलर नसलेले किती वाघ असे चालत असतील? त्यांच्यातले काही वणीच्या कोळसा खाणींत थांबतात. मला तिकडेच जायचं आहे.

मंगळवार, पांढरकवडा

दिग्रस, आर्णी, घाटंजी. रस्ताभर कपाशी. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. वयात आलेल्या नराला इथं जागा उरत नाही.

बुधवार, उकणी (ता. वणी)

वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्सची) ही उघडी खाण वर्धा नदीच्या बाजूला आहे. कोळशावरची माती, मुरूम, खडक काढून रचलेल्या ढिगाऱ्यांना इथं सगळे ओबी म्हणतात. जुन्या ओबीवर विलायती बाभूळ इतकी माजते की आत माणूस शिरत नाही. रानडुकरं मात्र शिरतात, आणि त्यांच्या मागे वाघ. खालच्या जुन्या खड्ड्यांत मे महिन्यातही पाणी असतं. सावली, पाणी, शिकार, तिन्ही एका जागी मिळाल्यावर वाघानं इथून का जावं?

जंगलात ट्रॅप कॅमेरे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. खाणीत तेच करायला गेलं की लेन्सवर कोळशाची धूळ बसते. टँकरनं पाणी मारलेल्या हॉल रोडवर ठसा सुरेख उमटतो, पण पुढचा डंपर तो पुसून टाकतो. ठसा पाहायचा तर टँकर आणि डंपर यांच्या मधल्या वेळात तिथं असावं लागतं, आणि तिथं असतो तो फक्त कामगार.

रात्रपाळी संपवून आलेला एक डंपरचालक म्हणाला, "ताई, त्याले आमी पायतो. पन सांगाव कोनाले?"

त्याचं हे विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक पाळीच्या टाइम ऑफिसात एक वही ठेवावी. कुठल्या ओबीवर, किती वाजता, कोणत्या दिशेला गेला, सोबत पिल्लं होती का, एवढंच लिहावं. काही दिसलं नाही तर तेही लिहावं. वनरक्षकानं रोज ती वही पाहावी आणि कॅमेरे तिच्या आधारानं हलवावेत. देशभरातली व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते. खाणीत तेवढ्या काळात ओबी सरकते, रस्ता बदलतो, खड्डा बुजतो.

आणि हे तातडीचं आहे. जानेवारी 2025 मध्ये याच उकणी खाण परिसरात एक वाघ मेलेला सापडला, त्याचे दात आणि नखं काढून नेलेली होती. रोजची नोंद असती, तर हा वाघ दिसेनासा झाल्याचं आधी कळलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

गुरुवार, दुर्गापूर (चंद्रपूर)

फेब्रुवारी 2022 मध्ये इथं लागोपाठ दोन माणसं गेली. महाऔष्णिक वीज केंद्रातला कामगार वाघाच्या हल्ल्यात, दुर्गापूरचा सोळा वर्षांचा मुलगा बिबट्याच्या. वस्तीला लागून खाण, खाणीला लागून झुडपं. घरांजवळची झुडपं काढलीच पाहिजेत, त्यात दुमत नको. पण आत कोण आहे हे न पाहता अख्खी ओबी साफ केली, तर तिथलं जनावर घरांच्याच दिशेनं निघण्याचा धोका आहे. आधी माग, मग कुऱ्हाड, हा क्रम पाळायला हवा. झाडं लावायचीच, तर वस्तीपासून दूरच्या, जंगलाला लागून असलेल्या ओबीपासून सुरुवात व्हावी.

उद्या लोहारा. ताडोब्याच्या वेशीवरचा तिथला खाणप्रकल्प 2009 मध्ये लोकांच्या विरोधानंतर थांबला. न खोदलेल्या त्या जंगलातून वाघ कुठल्या वाटेनं या ओबींकडे येतात, ते पाहायचं आहे.