तुळईची दांडी

इलेक्ट्रिक गिटार घरी बनवता येते, यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. सतार मिरजेत कारागिराच्या हातून घडते हे सगळ्यांना ठाऊक असतं; ही गिटार मात्र कारखान्यातूनच यायची, असा समज. मी पुण्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नोकरी सांभाळून गिटारी बनवतो. माझं मत असं, की हौशी हातांना याहून सोयीचं तंतुवाद्य सापडणार नाही.

याचं मोठं श्रेय लिओ फेंडरला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारीचा देह म्हणजे एक सपाट, भरीव फळी. दांडी तिला चार स्क्रूंनी जोडलेली. पोकळ पेटी नाही, वाफेवर वाकवलेल्या पातळ फळ्या नाहीत. दांडी खराब झाली तर काढायची, दुसरी बसवायची. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही रचना रंधा, पटाशी, करवत आणि एक राउटर असलेल्या माणसालाही झेपते.

देहासाठी मी शिवण वापरतो. हलकी, कोरायला मऊ आणि सहसा पीळ न खाणारी. दांडीसाठी मात्र जुना साग, पाडलेल्या वाड्याच्या तुळईतला. जुन्या लाकडाच्या वखारीत अशा तुळया मिळतात. कित्येक दशकं छपराखाली मुरलेलं ते लाकूड. जे वाकायचं ते केव्हाच वाकून झालेलं. खिळ्यांची भोकं आणि गाठी टाळून सरळ रेषांचा तुकडा निवडायचा. साग तेलकट, म्हणून ताजा रंधा मारून, थिनरने पुसून लगेच चिकटवायचा. क्वीन बँडच्या ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांबरोबर स्वतःची गिटार करायला घेतली, तेव्हा दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी लावलं होतं आणि आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या होत्या. ती गिटार ते आजही वाजवतात. लाकूड कुठून आलं याला महत्त्व नाही, ते किती वाळलेलं आहे याला आहे. सहा तारा मिळून दांडीवर सुमारे ४६ किलोचा ताण देतात. तिच्या पोटात पोलादी सळई बसवतात ती यासाठीच.

खरं वाद्य घडतं ते फ्रेटच्या कामात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, म्हणून सरकवता येतात. गिटारीचे पडदे, म्हणजे फ्रेट, लाकडात ठोकायचे. खाच जिथे पडली तिथे सूर कायमचा ठरला. गणित असं: तारेची लांबी ६४७.७ मिलिमीटर धरली तर तिला १७.८१७ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ३६.३५, तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, आणि असंच पुढे. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर यायला हवा. पूर्वी कारागीर सरळ १८ ने भागत. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी हा नियम सोळाव्या शतकात मांडला होता. आजच्या गिटारीला तो लावला तर बारावा फ्रेट मध्यापासून दोन मिलिमीटरहून जास्त हुकतो आणि कानाला ते लगेच कळतं. मापंही मी प्रत्येक वेळी तारेच्या वरच्या टोकापासूनच घेतो. फ्रेट ते फ्रेट मोजत गेलं तर बारीक चुका साठत जातात.

ठोकून झाल्यावर सगळ्या फ्रेटवर काळ्या मार्करने शाई लावायची आणि लांब, सरळ कानस हळूहळू फिरवायची. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावरची शाई गेली की पातळी एक झाली. मग एकेकाला पुन्हा गोलाई द्यायची. हे काम मला सर्वांत प्रिय आहे. इथे घाई केली की तार कुठेतरी खरखरणारच.

तारांचं कंपन पकडणारा पिकअपही हाताने गुंडाळता येतो. सहा अल्निको चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे साडेसात-आठ हजार वेढे घ्यायचे. अमेरिकन ४२ गेजची ही तार आपल्याकडच्या ४६ नंबराच्या अगदी जवळची. वेढे मोजायला फिरत्या तबकडीवर एक चुंबक आणि शेजारी रीड स्विच, त्याच्या वायरी साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या चिन्हाच्या बटणाला जोडलेल्या. एक अधिक एक करून ठेवलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. शेवटी गुंडाळी पॅराफिन आणि मधमाशीच्या मेणाच्या पातळ मिश्रणात बुडवायची, म्हणजे मोठ्या आवाजात ती शिट्टी मारत नाही. पोलादाची तार चुंबकासमोर हलते आणि त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. एवढ्यावर सारं वाद्य उभं आहे.

देहाचं लाकूड कोणतं, यावर हौशी मंडळी तासन्‌तास भांडतात. माझ्या अनुभवात पिकअप, फ्रेट आणि तारा जिथे टेकतात ती हाडाची पट्टी यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा फळीने पडत नाही. महाग परदेशी लाकडासाठी अडून बसू नका. आणि करायचीच असेल, तर तयार दांडी विकत आणून नुसती जोडू नका. पहिली दांडी स्वतः तासा, फ्रेट स्वतः ठोका. जवळपास एखादा वाडा उतरवत असतील, तर ठेकेदाराला तुळईचा दांडीपुरता सरळ तुकडा मागा.