फ्रीमाँट स्ट्रीटवरचा नाल

लास व्हेगासला आलेला पर्यटक सहसा झगमगत्या 'स्ट्रिप'वरच रमतो. जुगाराचं जुनं गाव मात्र उत्तरेला, फ्रीमाँट स्ट्रीटवर आहे. १९९५ पासून या रस्त्यावर लांबलचक छत आहे. त्यावर रात्री चित्रं धावतात आणि त्याखालून तारेला लटकलेली माणसं किंचाळत जातात. या गदारोळातून 'बिनियन्स'मध्ये शिरलो, तर लोक दहा लाख डॉलर्सच्या ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढून घेत होते. तेही फुकट.

ही युक्ती जुनी. टेक्सासात बेकायदा जुगाराचे अड्डे चालवलेल्या बेनी बिनियनने १९५१ मध्ये इथे 'हॉर्सशू' सुरू केला. पुढे दहा हजारांच्या शंभर नोटा त्याने घोड्याच्या भल्यामोठ्या नालात मांडल्या. फोटो फुकट, पण तो धुऊन हातात पडायला वेळ लागे. तोवर गिऱ्हाईक काय करणार? खेळणार!

पोकरची 'वर्ल्ड सिरीज' याच डोक्यातून निघाली. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात, कॅसिनोला त्यात फारसं सुटत नाही. कमाई होते ती बघ्यांमुळे. १९७० च्या पहिल्या स्पर्धेत मात्र मूठभर पट्टीचे खेळाडू आपापसात खेळले आणि शेवटी मतं घेऊन जॉनी मॉसला विजेता ठरवलं. मतदानाने निवडून आलेला जुगारी! त्यात बघ्याला कसली मजा? पुढच्या वर्षी नियम बदलला. प्रत्येकाने पाच हजार डॉलर्स भरायचे, सारख्या चिप्स घ्यायच्या, संपल्या की उठायचं. शेवटी एकच उरणार. जिंकला पुन्हा मॉसच, पण या खेळाचा खरा जन्म मी १९७१ चाच धरतो.

१९७२ चा विजेता अमारिलो स्लिम. उंच, सडपातळ, डोक्यावर काउबॉय हॅट आणि जिभेला हाड नाही. तो थेट जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात जाऊन बसला. तोवर स्लिमसारखी मंडळी डावाच्या शोधात टेक्सासभर हिंडत, आणि पोलिसांइतकीच दरोडेखोरांनाही भीत. स्लिमचा जुना सोबती डॉइल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ मध्ये सलग जिंकला. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. अशी पानं शहाणा माणूस टाकून देतो.

२००४ मध्ये स्पर्धेचं नाव आणि 'हॉर्सशू' हे नाव दोन्ही विकली गेली. २०२२ मध्ये स्ट्रिपवरच्या 'बॅलीज'चं नामकरण 'हॉर्सशू' झालं आणि स्पर्धाही तिकडे गेली. मुख्य स्पर्धेची फी १९७२ मध्ये दहा हजार डॉलर्स होती, आजही तेवढीच आहे. व्हेगासात पन्नास वर्षांत न वाढलेली दुसरी किंमत मला तरी दिसली नाही.